चौकाला नाव मिळाले. चौकात जागा कुणाची?



वऱ्हाडातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी उतरा, चार शब्द हमखास कानावर येतात. सौंदर्यीकरण, रुंदीकरण, व्यापारी संकुल आणि पुनर्विकास. निवडणूक आली की हे शब्द जाहीरनाम्यात येतात आणि निवडणूक संपली की नोटिशीत. जाहीरनामा सगळ्यांना वाटला जातो. नोटीस मात्र ठरावीक घरांवर, ठरावीक टपऱ्यांवर आणि ठरावीक हातगाड्यांवरच चिकटते. ही ठरावीक माणसे कोण, ती तिथे कधीपासून आहेत आणि त्यांना तिथे कुणी बसवले, हे प्रश्न कोणी विचारत नाही. म्हणून ते आम्ही विचारणार आहोत, आणि त्यासाठी उदाहरण घेणार आहोत दर्यापूरचे.

दर्यापूरच का? ते ना मुंबई, ना नागपूर. चंद्रभागेच्या काठचे तालुक्याचे गाव आहे. पंढरपूरची चंद्रभागा वेगळी, ही आमची वऱ्हाडातली, पूर्णेला मिळणारी. दर्यापूर आणि बनोसा या दोन वस्त्या मिळून हे शहर झाले. जनगणनेच्या नोंदीतही शहराचे नाव दर्यापूर बनोसा असेच आहे. पुनर्विकासावर लिहिणारे विद्वान मोठ्या शहरांवर लिहितात. धारावीवर ग्रंथ निघतात, पण तालुक्याच्या पेठेवर पानभरही कोणी लिहीत नाही. आणि आमचा बहुसंख्य समाज तर याच छोट्या शहरांत आणि त्यांच्या आसपासच्या खेड्यांत राहतो! इथली पेठ कशी बनली हे समजले, तर ती पाडून नवी बांधताना कोण बाहेर फेकले जाणार हेही समजते.

पेठ कुणी बनवली?

आम्हाला शिकवले जाते की पेठ शेठ-सावकारांनी वसवली. त्यांनी दुकाने बांधली, मंदिरे बांधली, धर्मशाळा बांधल्या, म्हणून गाव मोठे झाले. हे अर्धसत्य आहे. उरलेले सत्य कापसाच्या गठाणीखाली दबलेले आहे.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. इंग्रजांना इथली काळी जमीन हवी होती, कारण त्या जमिनीत कापूस पिकत होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस थांबला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांनी वऱ्हाडाकडे डोळे वळवले. अमेरिकेतला तो कापूस काळ्या गुलामांच्या घामावर पिकत होता, हे आमच्या वाचकांनी विसरू नये. १८६७ पर्यंत मुंबईहून निघालेली आगगाडी वऱ्हाड ओलांडून नागपुरात पोहोचली. कापूस गावातून मंडीत, मंडीतून जिनिंगमध्ये, जिनिंगमधून गाडीत आणि तिथून मुंबई बंदरात जाऊ लागला. ज्या गावात मंडी आली, जिनिंग आले, तहसील कचेरी आली, त्या गावाला पेठ आली.

१८८६ मध्ये कारंज्याला कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. भारतातला आजचा बाजार समितीचा कायदा ज्याच्या वंशातला, तो हा कायदा. पण या बाजारांच्या समित्यांवर वर्चस्व कुणाचे होते? व्यापाऱ्यांचे. गठाण बांधणारा, पोते उचलणारा, सरकी वेचणारी बाई यांना त्या समितीत खुर्ची नव्हती. आज किती बदल झाला? महाराष्ट्रातल्या बाजार समितीच्या १८ संचालकांपैकी हमाल-मापाऱ्यांचा संचालक एक. अठरांत एक! पोते त्यांच्या पाठीवर आणि ठराव मात्र सतरांच्या हातात.

दर्यापूर तालुका त्या काळात एलिचपूर जिल्ह्यात होता. १९०५ मध्ये एलिचपूर जिल्हा मोडून अमरावतीत विलीन झाला, तेव्हा दर्यापूरही अमरावती जिल्ह्यात आले. त्यानंतर थोड्याच वर्षांत मूर्तिजापूर ते अचलपूर ही अरुंद मापाची रेल्वे धावू लागली, आपली 'शकुंतला'. मुंबईतल्या किलिक निक्सन या इंग्रजी कंपनीने ती कापसासाठी आणली. यवतमाळहून एक फाटा मूर्तिजापूरला येई आणि अचलपूरहून अंजनगाव, बनोसा करत दुसरा. दर्यापूरच्या स्टेशनचे नाव बनोसा. स्टेशनाच्या आजूबाजूला वखारी, जिनिंग, गाडीतळ, चहाची हॉटेले, न्हाव्याची खुर्ची, चांभाराची पेटी असा संसार मांडला जातो. तो कुठल्याही नगररचनाकाराने आखलेला नसतो. तो कष्टकऱ्यांनी उभा केलेला असतो.

शकुंतला आज गेली काही वर्षे थांबलेली आहे. तिच्या रुळांवर गवत आहे. पण रुळांखालच्या आणि जुन्या जिनिंगच्या जमिनीला आता सोन्याचा भाव आला आहे. कापूस गेला आणि प्लॉट आले. तालुक्याच्या गावांतल्या पुनर्विकासाचे मूळ इथे आहे. कापसाच्या धंद्याने जी जमीन शहराच्या मधोमध आणली, त्या जमिनीची दुसरी विक्री आता सुरू झाली आहे. पहिल्या विक्रीत आमच्या आज्या-पणज्यांना मजुरी मिळाली. दुसऱ्या विक्रीत आम्हाला काय मिळणार?

गोडे पाणी आणि खारे पाणी

दर्यापूरची आणखी एक गोष्ट बाहेरच्या माणसाला माहीत नसते. हा खारपाणपट्टा आहे. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत तो पसरला आहे. जमिनीखालचे पाणी खारट. विहीर खणली तरी ते पाणी पिण्याच्या कामाचे नाही. आज शहानूर धरणाचे पाणी नळाने येते. पण नळ नव्हते तेव्हा? गोड्या पाण्याची एखादी विहीर म्हणजे गावाचा प्राण. आणि ज्या समाजाला विहिरीला हात लावायची बंदी, त्याच्या वाट्याला काय येत असेल याचा विचार करा. गोड्या पाण्याच्या मुलुखात दुसरी विहीर खणता येते. खारपाणात दुसरी विहीर म्हणजे दुसरे मीठ! अस्पृश्यता सगळीकडेच क्रूर होती. खारपाणपट्ट्यात तिला भूगोलाचीही साथ मिळाली.

जुन्या गावाची रचना विहिरीभोवती, मंदिराभोवती आणि बाजाराभोवती होती. मध्यभागी पाणी, देव आणि पैसा. कडेला आम्ही. ती रचना कुठल्याही कागदावर काढलेली नव्हती, तरी एकाही माणसाने ती चुकवली नाही. म्हणून आम्ही म्हणतो, भारतातला पहिला नगररचना आराखडा जातीनेच काढला. त्याला मंजुरी धर्माची होती, अंमलबजावणी गावाची होती आणि हरकत नोंदवायची मुदत शून्य दिवसांची होती.

पहिली हरकत

पण हरकत नोंदवली गेली, आणि ती बाबासाहेबांनी नोंदवली. आम्ही महाडचा सत्याग्रह पाण्याचा सत्याग्रह म्हणून सांगतो. तो आहेच. पण तो नगरपालिकेचाही इतिहास आहे, तो भाग आमच्या भाषणांत मागे पडतो.

१९२३ मध्ये मुंबई कायदे मंडळात बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळे खुले केले, म्हणजे कागदावर खुले केले. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि कागदावरचा ठराव पायांनी अमलात आणला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. पुढे दहा वर्षे खटला चालला आणि १९३७ मध्ये उच्च न्यायालयाने आमच्या बाजूने निकाल दिला.

यातून तीन धडे मिळतात. सार्वजनिक जागा कुणाची हे नगरपालिकेच्या ठरावाने ठरते. ठराव आपल्या बाजूने झाला तरी पाय टाकल्याशिवाय जागा मिळत नाही. आणि पाय टाकला की ठराव बदलला जातो, म्हणून लढाई कागदावरही लढावी लागते. बाबासाहेब तळ्यावर गेले आणि न्यायालयातही गेले. आम्ही बहुतेकदा पहिलेच करतो.

वऱ्हाड त्या लढ्यात मागे नव्हता. त्याच १९२७ च्या नोव्हेंबरमध्ये अमरावतीला वऱ्हाड प्रांतिक अस्पृश्य परिषद भरली. अध्यक्षस्थानी बाबासाहेब होते आणि समोर अंबादेवी मंदिर प्रवेशाचा प्रश्न होता. दर्यापुरापासून अमरावती काही तासांच्या वाटेवर. १९२८ मध्ये जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झालेल्या डॉ. पंजाबराव देशमुखांनी जिल्ह्यातल्या सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. खारपाणाच्या मुलखात या एका निर्णयाचे मोल काय असेल, ते वर सांगितलेच आहे.

आणि गाडगेबाबा! त्यांचा जन्म शेंडगावचा, दर्यापूरच्या शेजारचा, आज अंजनगाव सुर्जी तालुक्यातला. हातात खराटा घेऊन ते गावे झाडत फिरले. लोक आज त्यांच्या खराट्याची पूजा करतात आणि नगर परिषदा त्यांच्या नावाने स्वच्छता अभियान चालवतात. पण बाबांनी खराट्यासोबत धर्मशाळाही उभ्या केल्या, आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हाती दिली. गरिबाला गावाच्या मध्यभागी हक्काने टेकायला जागा हवी, हे त्यांना कळले होते. स्वच्छतेच्या नावाखाली गरिबालाच झाडून टाकणारे लोक बाबांचे नाव कसे घेऊ शकतात?

संविधानातली पेठ

मित्रहो, संविधानाचे कलम १५ आपण समतेचे कलम म्हणून पाठ करतो. त्याचे दुसरे उपकलम पुन्हा एकदा सावकाश वाचा. त्यात दुकाने आहेत, उपाहारगृहे आहेत, करमणुकीच्या जागा आहेत. विहिरी, तलाव, स्नानघाट आहेत. रस्ते आहेत, लोकांनी एकत्र येण्याच्या सार्वजनिक जागा आहेत. ही यादी कशाची आहे? ही एका छोट्या शहराच्या पेठेची यादी आहे! दर्यापूरच्या पेठेतून एक चक्कर मारा आणि हे उपकलम हातात धरा, एकेक शब्द समोर दिसेल. जातीने गावाचा जो मध्यभाग आमच्यासाठी बंद केला होता, तो संविधानाने नाव घेऊन, एकेक जागा मोजून उघडला.

बाबासाहेबांचा शहरावर विश्वास होता. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत त्यांनी खेड्याच्या कौतुकाचा समाचार घेतला, तो उगाच नाही. १९४२ च्या जुलैमध्ये नागपूरच्या परिषदेत अस्पृश्यांसाठी स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली, तीही उगाच नाही. माणूस कुठे राहतो यावर तो माणूस म्हणून जगतो की नाही हे ठरते, हे त्यामागचे सूत्र. खेड्यातला आमचा माणूस शहराकडे निघाला. पण सगळे मुंबई-पुण्याला गेले नाहीत. पुष्कळजण तालुक्याच्या गावी थांबले. कुणी हमाली केली, कुणी रिक्षा चालवली, कुणी चपला शिवल्या, कुणी भाजीची गाडी लावली, कुणी शिकून कचेरीत लागला. मुलांना शाळा मिळाली, कॉलेज मिळाले. दर्यापूरसारख्या शहराने आमची एक पिढी उभी केली, हे आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो.

आणि म्हणूनच प्रश्न कडू आहे. संविधानाने आम्हाला पेठेत येण्याचा हक्क दिला. पेठेत राहण्याचा, पेठेत टिकण्याचा हक्क मात्र दुसऱ्या कायद्यांच्या हाती गेला.

'अतिक्रमण' या शब्दाचा इतिहास

महाराष्ट्रात नगर परिषदांचा कायदा १९६५ चा आणि प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा १९६६ चा. दुसऱ्या कायद्याने प्रत्येक शहराचा विकास आराखडा करण्याची पद्धत घातली. कुठे रस्ता, कुठे बाग, कुठे बाजार, कुठे शाळा, हे नकाशावर रंगाने दाखवायचे. दिसायला हे अगदी शास्त्रीय. पण नकाशा काढणारा आधी 'सध्याचा जमीन वापर' नोंदवतो. त्यात पक्के घर दिसते, दुकान दिसते, मंदिर दिसते. चाळीस वर्षे एकाच कोपऱ्यावर बसणारी भाजीवाली नकाशात दिसत नाही. कातड्याची पेटी घेऊन बसणारा दिसत नाही. वस्ती असेल तर ती 'सरकारी जमीन' म्हणून दिसते. जो नकाशात दिसत नाही, त्याला हलवायला आराखड्यात एक रेघही बदलावी लागत नाही. पुनर्विकासातले पहिले विस्थापन बुलडोझर येण्याच्या कितीतरी आधी, पेन्सिलीने होते.

वऱ्हाडात नझूलचे उदाहरण घ्या. नझूल म्हणजे शहरातली सरकारी जमीन. इंग्रजी अमदानीत आणि नंतर ती भाडेपट्ट्याने दिली गेली. ज्यांची ऐपत होती, ओळख होती, त्यांना पट्टे मिळाले. त्यांनी घरे बांधली, दुकाने काढली. ज्यांना पट्टा मिळाला नाही, त्यांनी त्याच सरकारी जमिनीवर झोपडी बांधली. जमीन एकच, मालक एकच सरकार. पण एकाला म्हणतात पट्टेदार आणि दुसऱ्याला अतिक्रमणधारक. २०२४ मध्ये राज्य सरकारने अमरावती आणि नागपूर विभागांतल्या निवासी नझूल पट्ट्यांना सवलतीत मालकीहक्क देणारी अभय योजना आणली. पट्टेदाराला अभय मिळाले, चांगले झाले. झोपडीवाल्याला भय का?

झोपडीवाल्यासाठी काहीच नाही असेही नाही. नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाने शहरांतल्या सरकारी जमिनीवरची १ जानेवारी २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणे नियमित करण्याचा मार्ग खुला केला. पण पट्टेदाराच्या दारात वकील आणि सल्लागार जातो. झोपडीवाल्याच्या दारात हा शासन निर्णय घेऊन कोण जातो? नगर परिषद स्वतःहून जाईल? ती नोटीस घेऊन वेळेवर जाते, एवढेच आमचे निरीक्षण आहे.

दुसरीकडे काय घडले?

हा प्रश्न छोट्या गावापुरता आहे, असे कुणाला वाटत असेल तर त्याने आपल्या सर्वात मोठ्या प्रतीकांकडे पाहावे. २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन आणि बाबासाहेबांचा बुद्धभूषण छापखाना पाडला गेला. कारण काय? तिथे सतरा मजली इमारत उभी राहणार होती. आणि पाडणारे कुणी परके नव्हते, विश्वस्त म्हणवणारेच होते. नागपुरात अंबाझरीचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर सांस्कृतिक भवन २०२१ मध्ये टाळेबंदीच्या दिवसांत पाडले गेले, पर्यटन प्रकल्पासाठी. ते परत मिळावे म्हणून आमच्या माता-भगिनी धरणे धरून बसल्या. १ जुलै २०२४ ला तर दीक्षाभूमीवरच भूमिगत वाहनतळाचे खोदकाम सुरू होते. लोक जमले, काम बंद पाडले, सरकारला त्याच दिवशी स्थगिती जाहीर करावी लागली. तिन्ही ठिकाणी शब्द एकच होता, विकास. तिन्ही ठिकाणी ज्यांची जागा, त्यांना शेवटी कळले.

पेठेचा प्रश्न मात्र प्रतीकांपेक्षा वेगळा आहे. प्रतीकावर घाव पडला की समाज धावतो. हातगाडीवर घाव पडला की ती एका कुटुंबाची अडचण ठरते. ही चूक किती महाग पडते, याचे उदाहरण सातासमुद्रापलीकडे आहे. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांचे दुःख एक असल्याचे सांगितले होते. म्हणून तिकडे पाहणे आम्हाला परके वाटत नाही. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात शार्लट्सव्हिल नावाचे छोटे शहर आहे. त्याच्या मध्यवर्ती बाजाराला लागून व्हिनेगर हिल ही काळ्या लोकांची पेठ होती. त्यांची घरे, किराणा दुकाने, न्हाव्यांची दुकाने, उपाहारगृहे तिथे होती. नगर प्रशासनाने ती 'जुनाट आणि गलिच्छ' ठरवली आणि १९६० मध्ये पुनर्विकासावर मतदान घेतले. मत देण्यासाठी कर भरावा लागे, म्हणून ज्यांची घरे पडणार त्यांच्यातल्या कितीतरी गरिबांना मतच देता आले नाही. ठराव थोड्या मतांनी मंजूर झाला. पुढच्या पाच वर्षांत पेठ जमीनदोस्त झाली. कुटुंबे सरकारी वसाहतीत गेली, पण दुकाने बहुतेक परत उघडली नाहीत. ती मोकळी जमीन पुढे कित्येक वर्षे तशीच पडून राहिली. २०११ मध्ये नगर परिषदेने माफी मागितली.

माफी! पन्नास वर्षांनी. घर दुसरीकडे मिळते, पण पेठेतली जागा, गिऱ्हाईक, ओळख, उधारीचा विश्वास हे दुसरीकडे मिळत नाही. दर्यापूरच्या कोपऱ्यावरच्या चर्मकार बांधवाला शहराबाहेर नवा गाळा दिला, तर त्याच्याकडे चप्पल शिवायला चार किलोमीटर कोण जाणार?

आता आपल्याबद्दल

इथवर प्रस्थापितांबद्दल बोललो. आता आपल्याबद्दल बोलू, कारण बाबासाहेबांनी आम्हाला आत्मपरीक्षणाचीही सवय लावली आहे.

आमच्या चळवळीने चौकांना बाबासाहेबांचे नाव मिळवून दिले. पुतळे उभे केले, कमानी उभ्या केल्या. त्यासाठी लोकांनी मार खाल्ला. २०२४ च्या मार्चमध्ये शेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या पांढरी खानमपूरच्या बौद्ध कुटुंबांनी गावाच्या प्रवेशद्वाराला बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून गाव सोडून अमरावती गाठली. प्रवेशद्वाराच्या नावाला एवढा विरोध का होतो? कारण नाव म्हणजे हक्काची खूण, हे विरोधकांना नीट कळते. म्हणून नावाची लढाई आम्ही कधीही कमी लेखणार नाही.

पण नावाने लढाई संपते असे आम्ही मानले, तर फसगत आमचीच आहे. चौकाला बाबासाहेबांचे नाव आहे. त्या चौकातल्या गाळ्यांपैकी किती आमच्या मुलांकडे आहेत? नगर परिषदेच्या संकुलाचा लिलाव झाला तेव्हा अनामत भरण्याइतका पैसा आमच्यातल्या किती जणांकडे होता? १४ एप्रिलला त्या चौकात निळा सागर उसळतो. १५ एप्रिलला त्याच चौकातली आमची हातगाडी हटवली गेली, तर तिथे किती कार्यकर्ते थांबतात? दर्यापूर विधानसभा मतदारसंघ २००९ पासून अनुसूचित जातीसाठी राखीव आहे, अमरावतीची लोकसभाही २००९ पासून राखीव आहे. प्रतिनिधी आमच्यातला आहे. पण आराखडा कुणाचा आहे?

हरकत कशी घ्यायची?

राग पुरेसा नाही. महाडचा तिसरा धडा आठवा, लढाई कागदावरही लढावी लागते. आणि कागद सगळाच आपल्या विरोधात नाही.

पहिली गोष्ट, आराखडा. नगररचना कायद्याच्या कलम २६ प्रमाणे प्रारूप विकास आराखडा जाहीर झाला की हरकती आणि सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. हरकत घ्यायला जमिनीचा मालक असावे लागत नाही. भाडेकरू, फेरीवाला, झोपडीत राहणारी आजी, कुणीही हरकत घेऊ शकते. तिची सुनावणी नियोजन समितीपुढे होते. नोटीस राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रात येते, आपल्या वस्तीत ती कोणी वाचून दाखवत नाही. ते काम आपले. तीस दिवस निघून गेले की मग मोर्चा काढून उपयोग कमी.

दुसरी गोष्ट, पथविक्रेते. २०१४ चा पथविक्रेता कायदा सांगतो की सर्वेक्षण होऊन विक्री प्रमाणपत्र मिळेपर्यंत कुठल्याही जुन्या विक्रेत्याला हटवता येत नाही. प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती हवी. तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत, त्यांतल्या एकतृतीयांश महिला हव्यात, अनुसूचित जाती-जमातींना प्रतिनिधित्व हवे. आपल्या गावात ही समिती आहे का? तिची निवडणूक झाली का? तिची शेवटची बैठक कधी झाली? माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज टाका, उत्तर मिळेल. गटई कामगारांना पत्र्याचे स्टॉल देणारी समाजकल्याणची योजना आहे. स्टॉल मिळतो, पण तो कुठे उभा करायचा ही जागा नगर परिषद देते. जागेशिवाय स्टॉल म्हणजे चाकाशिवाय गाडी.

तिसरी गोष्ट, आणि आम्हाला ती सर्वात महत्त्वाची वाटते. आपला नकाशा आपण काढायचा. पाच-दहा तरुणांनी एक रविवार द्यावा. पेठेत आणि वस्तीत फिरावे. कोण कुठे बसते, कधीपासून बसते, कोणता धंदा करते, हे वहीत लिहावे आणि मोबाईलवर फोटो काढावेत. जुनी बाजार वसुलीची पावती, वीजबिल, घरपट्टीची पावती, रेशनकार्ड, मतदार यादीतले नाव, जे असेल ते एका फाईलमध्ये जमवावे. म्हाताऱ्या माणसांना विचारावे, जिनिंग कुठे होती, विहीर कोणती खुली होती, गाडीतळ कुठे होता. हाच आमचा इतिहास आहे. तो गॅझेटियरमध्ये सापडणार नाही. आणि हाच उद्या सुनावणीत पुरावा होईल.

काहीजण म्हणतील, तुम्ही विकासाला विरोध करता. नाही. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात पेठेत सावली हवी, हे आम्हालाही कळते. बाजाराला गटार हवी, बायकांसाठी स्वच्छतागृह हवे, बसायला ओटा हवा, चालायला फूटपाथ हवा. या सगळ्याची सर्वात जास्त गरज दिवसभर पेठेत उभे राहणाऱ्यांनाच आहे, गाडीतून येऊन गाडीतून जाणाऱ्यांना नाही. आमची अट एवढीच आहे की आधी मोजा, मग आखा. जो आज जिथे आहे, त्याची नोंद आधी आराखड्यात येऊ द्या. हलवायचेच असेल तर तिथल्या तिथे, त्याच पेठेत, आणि पहिली जागा त्याला. ज्यांनी पेठ उभी केली त्यांना वगळून होणारा पुनर्विकास म्हणजे गावकुसाची दुरुस्ती आहे, विकास नव्हे.

शंभर वर्षांपूर्वी गावाचा मध्यभाग आमच्यासाठी बंद होता आणि बंदी उघड होती. आज मध्यभाग खुला आहे, पण तिथली जागा लिलावात आहे. बाबासाहेबांनी आम्हाला तळ्यापर्यंत नेले आणि संविधानात पेठ लिहून ठेवली. पेठेत पाय रोवून उभे राहण्याचे काम आपल्या पिढीचे आहे. येत्या रविवारी वही घेऊन बाहेर पडा आणि पहिली नोंद आपल्या वस्तीतल्या सर्वात जुन्या विक्रेत्याची करा.

जयभीम! जय संविधान!